सुया घरी ठेवून आदिलाबादला

हैदराबादहून आदिलाबाद साधारण तीनशे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने मेडचल, कामारेड्डी, निर्मल असं करत गेलं की पाच-सहा तासांत माणूस पोचतो. नागपूर-वर्ध्याकडे माहेर किंवा सासर असणारी आपली मंडळी दर दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत याच रस्त्याने जातात. आदिलाबाद आलं की गाडीत एकच वाक्य होतं : ‘चला, आता पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र!’ मग एक चहा, एक खारी आणि गाडी पुढे. तीस वर्षं आमचंही हेच चाललं होतं. यंदा कार्तिकात मात्र मी आदिलाबादला उतरले आणि चांगली आठ दिवस राहिले.

कारण सांगते. मी गोधड्या शिवते, क्रोशाचं काम करते आणि थंडी पडली की लोकर काढते. मंडळाच्या विणकाम गटातल्या मैत्रिणींना हे ठाऊक आहेच. आई गेल्यानंतर तिच्या सुती साड्यांची एक मोठी गोधडी मी शिवायला घेतली होती. अकरा साड्या, सगळा हाताचा धावदोरा. ती आषाढात पूर्ण झाली. शेवटची गाठ मारून दोरा तोडला, गोधडी भावाकडे पोचवली, आणि त्यानंतर हात चालेचनात.

तसं काम समोर होतं. भाचीला माघात बाळ होणार, त्याच्यासाठी दुपटं शिवायचं होतं. त्यासाठी आईची एक जांभळी नारायणपेठी मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. ती बारावी, शेवटची. कात्री घेऊन बसायची, घडी उलगडायची आणि पुन्हा घालून ठेवायची, असे चार महिने गेले. मधे एक क्रोशाचा रुमाल तीनदा सुरू करून तीनदा उसवला. लोकर कपाटात आहे, नमुने फोनमध्ये आहेत, दुपार मोकळी आहे आणि हात मांडीवर नुसते पडून आहेत. हातकाम करणाऱ्या बहुतेक जणींच्या वाट्याला हा काळ कधी ना कधी येतो, पण त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. पूर्ण झालेल्या वस्तूचे फोटो गटावर येतात. दोन वस्तूंच्या मधले महिने कुणाच्या फोटोत येत नाहीत.

ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये ‘द आर्ट ऑफ थॉट’ या पुस्तकात नवं काही सुचण्याचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरणं, स्फुरणं आणि पडताळणं. दुसऱ्या टप्प्यात माणूस त्या कामाकडे लक्ष देत नाही, पण आत काहीतरी चालू असतं, असं त्याचं म्हणणं. लोणचं घालणाऱ्या बायकांना हे १९२६ च्या आधीही माहीत होतं. बरणीला दादरा बांधला की ती सारखी उघडून बघायची नसते. पण बरणीच्या बाबतीत जे जमतं ते स्वतःच्या बाबतीत जमत नाही. घरी राहिलं की कपाट दिसतं, कपाट दिसलं की लोकर दिसते, आणि लोकर दिसली की आपण काहीच करत नाही याची टोचणी सुरू होते.

माझ्या मावसबहिणीचं सासर आदिलाबाद जिल्ह्यात, बेला भागात, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "कापूस फुटलाय. ये इकडे. पण ताई, सुया आणायच्या नाहीत हं. नाहीतर इथे येऊनही कोपरा धरून बसशील."

म्हणून सुया, हुक, कात्री, सगळं घरी ठेवून निघाले.

तेलंगणातलं मराठी अंगण

निर्मलच्या आधी गोदावरी ओलांडली आणि पुढचा घाट चढला की हवा बदलते. सागाची झाडं, मोठी पानं, मधूनच पळसाची रांग. घाट संपला की जमीन काळी होत जाते, आणि आदिलाबादजवळ येईपर्यंत तर आपण यवतमाळ जिल्ह्यात शिरलो की काय असं वाटतं. दुकानांवरच्या पाट्या तेलुगूत, पण पाटीखाली बसलेला माणूस ‘काय पाह्यजे?’ असं विचारतो.

याला इतिहास आहे. हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यातला. म्हातारी माणसं अजून ‘एदलाबाद’ म्हणतात. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि पुढे महाराष्ट्रात आले. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ मध्ये तेलंगण झालं. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. कागदावर रेघा बदलत गेल्या, सोयरिकी मात्र बदलल्या नाहीत. बहिणीच्या सासरी लेकी दिल्या त्या पांढरकवड्याला आणि सुना आणल्या त्या किनवटहून. शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, घरात वऱ्हाडी आणि डोंगराकडे गेलं की गोंडी आणि कोलामी. चार भाषा ऐकत राहिल्याने पहिल्या दोन दिवसांतच माझ्या डोक्यातली एकसुरी भुणभुण कमी झाली.

दोरा होण्याआधीचा कापूस

इतकी वर्षं सुताशी खेळतेय, पण कापसाच्या शेतात पूर्ण दिवस बसले ते पहिल्यांदाच. इकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. जूनमध्ये मृगाच्या पावसावर सरकी टोबायची, ऑगस्ट-सप्टेंबरात पाती-फुलं, मग हिरवी बोंडं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं उकलायला लागतात. पहिला वेचा निघतो तो सर्वांत चांगला. त्यानंतर दुसरा, तिसरा, असं करत जानेवारीपर्यंत वेचणी चालते.

बायका सकाळी लवकर शेतात उतरतात. कमरेला कापडाची ओटी बांधलेली. दोन्ही हात एकाच वेळी दोन बोंडांवर चालतात. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं बोटांना टोचतात, म्हणून सकाळच्या गारव्यात वेचणं बरं पडतं. तेव्हा वाळका पाला जरा नरम असतो, त्याचा चुरा कापसाला कमी चिकटतो. पण दवात वेचलेल्या कापसात ओल जास्त. ती ओल पुढे बाजारात नडते. म्हणजे बोटं वाचवावीत की भाव, हा रोजचा हिशेब. वेचणीची मजुरी किलोवर. सगळ्या जणी बोलत असतात, पण हात थांबत नाहीत. मीही थोडा वेळ वेचून पाहिलं. बहिणीची जाऊ माझ्या ओटीकडे बघून म्हणाली, "ताई, एवढ्यात एक वात होईल." मग मी मुकाट्याने बांधावर जाऊन बसले.

बांधावर बसून एक हिशेब मात्र केला. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकीची मुख्यतः सरकी. तिचं तेल निघतं आणि ढेप गुराढोरांना जाते. रुईची एक गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. आईच्या अकरा सुती साड्यांचं वजन साडेपाच-सहा किलो धरलं, तर त्यामागे सतरा-अठरा किलो कापूस होता. तो कुणीतरी असाच, एकेक बोंड करून, बोटांना टोचून घेत वेचला होता. गोधडीला मी नऊ महिने घेतले याचं सगळे कौतुक करतात. कापड माझ्या हातात येण्याआधी किती हातांतून गेलं होतं, हे मी बोटं मोजून पहिल्यांदाच पाहत होते.

एक दिवस आदिलाबादच्या बाजार समितीच्या आवारात गेलो. ट्रॅक्टर, टेम्पो आणि मधूनच एखादी बैलगाडी, सगळ्यांवर पांढरे ढिगारे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. पण तो मिळण्यासाठी ओल मोजावी लागते. ८ टक्क्यांपर्यंत ओल असली तर पूर्ण भाव. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत टक्क्यागणिक पैसे कापतात. त्याहून ओला कापूस खरेदी केंद्र घेत नाही. ज्याला थांबायला जागा आहे, ताडपत्री आहे आणि घरात चार पैसे आहेत, तो कापूस पसरून वाळू देतो. ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्याला मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यावा लागतो. बहिणीचे यजमान म्हणाले, "वहिनी, थांबता येणं हीच इथली श्रीमंती." माझे चार रिकामे महिने मला ओझं वाटत होते. ते वाक्य ऐकल्यावर मी त्यांच्याबद्दल तक्रार करायची बंद केली.

काळी माती

याच दिवसांत शेतात मातीला बारीक भेगा दिसायला लागतात. बहिणीच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, त्यांना सगळं गाव आजी म्हणतं. आजींनी काठी त्या भेगेत घालून दाखवली. "आता हे बोटभर हाये. उन्हायात पाह्य, हात जाते आत."

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचून ठेवल्या की कोरडवाहू वावर मोकळं पडतं. उन्हाने त्याला खोल भेगा पडतात. वाऱ्याने आणि गुरांच्या पायांनी वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते. पावसाळ्यात जमीन फुगून भेगा मिटतात आणि वरची माती आत, आतली वर अशी सरमिसळ झालेली असते. म्हणूनच काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात. वखरणी-नांगरणी शेतकरी करतातच. पण त्या तीन-चार महिन्यांत वावरात कुणीच नसतं तेव्हाही हे काम चालू असतं.

"मंग काय त," आजी म्हणाल्या, "वावर पडेल दिसते, पण निजेल नसते."

वाती

दुपारी ओसरीवर आजींचं एक काम चाले. सुपात सरकीसकट कापूस. तो बोटांनी मोकळा करायचा, सरकी वेगळी टाकायची, रेषा सरळ करायच्या आणि मांडीवर वात वळायची. त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली होती, त्यासाठी वाती चालल्या होत्या. वेग अजिबात नाही. मधेच थांबून त्या रस्त्याकडे बघत, एखाद्या जाणाऱ्याची चौकशी करत, पुन्हा एक वात.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मी सूप ओढायला गेले तर म्हणाल्या, "बस न व उगीच. हाताले काही ना काही पाह्यजेच काय तुह्या? काम काई पयून नाही जात."

मग मी नुसती बसू लागले. पहिले दोन दिवस जड गेले. बोटं आपोआप पदराच्या काठाची वीण चाचपायची. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेली कळ कमी झाली आहे. ती इतकी सवयीची झाली होती की ती दुखतेय हेही मी विसरले होते. डोळेही दूरचं बघायला लागले. शिवताना आपली नजर वीतभर अंतरावर अडकलेली असते. इथे समोर पैनगंगेपर्यंत उतरत गेलेली रानं, वर पांढरे ठिपके. कापसाचा पांढरा किती तऱ्हांचा असतो ते मी तिथे पाहिलं. ताजा उकललेला किंचित सायीसारखा, दोन दिवस उन्हात राहिलेला झगझगीत, पावसात सापडलेला पिवळट-राखी.

जत्रा नसताना केसलापूर

एक दिवस बहिणीबरोबर केसलापूरला गेले. आदिलाबादहून गुडीहत्नूर, तिथून उटनूरच्या रस्त्याला वळायचं आणि मुत्नूरवरून आत जायचं. इथे गोंडांमधल्या मेस्राम कुळाचं नागोबाचं देऊळ आहे. विदर्भात हेच आडनाव आपण मेश्राम असं लिहितो. पौष अमावस्येच्या मध्यरात्री महापूजा होते आणि तिथून जत्रा सुरू होते. त्याआधी कुळातली माणसं अनवाणी चालत गोदावरीवरच्या हस्तिनामडुगूला जाऊन पूजेसाठी पाणी आणतात. कुळात आलेल्या नव्या सुना पांढरी लुगडी नेसून, तोंडावर पांढरं वस्त्र घेऊन देवापुढे येतात. त्या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. आपल्या ‘भेट’ शब्दाचाच तो सोयरा वाटला. देवाची भेट झाली की सून कुळाची झाली.

हे सगळं पौषात. आम्ही गेलो तेव्हा तिथे काही नव्हतं. जत्रेत जिथे बैलगाड्या सुटतात आणि कुळाच्या चुली पेटतात त्या वडांखाली दोन शेळ्या आणि एक झोपलेलं पोर. दगडी देऊळ शांत. हे नवं देऊळ मेस्राम कुळाने स्वतः वर्गणी काढून बांधलं आणि २०२२ च्या अखेरीस त्याचा सोहळा झाला. वडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "आता काय पाहायला आल्या बाई? जत्रेला यायचं ना." त्यांच्याशी बोलताना कळलं की नुकतीच दंडारी संपली होती. दिवाळीच्या दिवसांत गुसाडी नाचणारे मोरपिसांचे मोठे मुकुट घालून, अंगाला राख फासून गावोगाव नाचत फिरतात. मारलवाईचे कनक राजू यांना याच गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली होती. २०२४ मध्ये ते गेले. दिवाळी झाली की मुकुट पूजा करून जपून ठेवतात, ढोल टांगून ठेवतात. मग वर्षभर कुणी ते उगीच काढत नाही. मोरपिसं जुनी झाली, गळाली तर ती बदलण्याचं कामही वेळ आल्यावर.

याच रस्त्यावर इंद्रवेल्लीचा स्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या प्रश्नासाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला होता, त्यात मेलेल्यांची ती आठवण. तिथे आम्ही उतरलो, उभ्या राहिलो आणि न बोलता पुढे निघालो. हिरव्या डोंगरांच्या या मुलखात विसाव्याला येणाऱ्याने हेही पाहावं असं मला वाटतं.

मेणाचा दोरा

पुढे जैनूरवरून केरामेरीकडे उषेगाव लागतं. आता हे शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात, पण इथल्या कामाचं नाव आदिलाबादचंच : आदिलाबाद डोकरा. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ओझा समाजाचे कारागीर पितळेच्या मूर्ती, दिवे, घंटा, दागिने ओततात.

मी धातूचं काम बघायला गेले आणि बघत बसले दोरा. आधी मातीचा गाभा करतात. मग मेणाचे बारीक दोरे काढतात आणि ते त्या गाभ्यावर एकाशेजारी एक गुंडाळत जातात. वेटोळी, वेण्या, जाळी. क्रोशाच्या ओळी मोजायची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना ते विणकामच वाटलं. त्यावर पुन्हा मातीचा लेप. भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि आत दोऱ्यांच्या आकाराची पोकळी राहते. वितळलेलं पितळ त्या पोकळीत भरतं. निवल्यावर वरची माती फोडायची. साचा फुटतो, म्हणून प्रत्येक वस्तू एकच. कारागीर बाईंना मी विचारलं, मेण गेल्यावर लगेच पितळ ओतता का? त्या हसल्या. गाभा नीट तापलेला हवा, आत मेणाचा थेंबही राहायला नको, नाहीतर पितळ नीट उतरत नाही. पोकळी साफ झाल्याशिवाय ओतायचं नाही. मी तिथून एक छोटी घंटा घेतली.

पाणी

परतताना एक सकाळ कुंतालाला दिली. नेरेडिगोंडाच्या फाट्यावरून आत गेलं की कडेम नदीवरचा हा धबधबा लागतो. उंची सुमारे ४५ मीटर, तेलंगणातला सर्वांत उंच म्हणतात. शकुंतलेवरून नाव पडलं अशी इथली समजूत. शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात, आणि चढतानाची गुडघ्यांची काळजी उतरतानाच करावी. श्रावणात पाणी गढूळ आणि रागीट असतं, कार्तिकात ते पांढरं, वेगवेगळ्या पट्ट्यांत उतरतं. खडकावर दोन तास बसले. पिंजलेल्या कापसासारखं पाणी, असं सहज मनात आलं, आणि मग लक्षात आलं की चार महिन्यांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट पाहून मला दुसरी सुचली होती. फोटो काढला नाही. जवळच पोचेरा आहे. तो उंचीला कमी पण रुंद, आणि तिथे चढउतार बेताचा.

आजींनी विचारलं

निघायच्या आदल्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा होती. तुळशीपुढे, विहिरीवर, देवळात वाती लागल्या. सगळं आवरल्यावर आजींनी विचारलं, "घरी काय काम ठेवून आली व?" मी त्यांना जांभळ्या नारायणपेठीचं सांगितलं. शेवटची साडी, भाचीचं बाळ, कात्री चालत नाही.

त्यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "माईची शेवटची हाये न ते? मंग कापतं काहून? नेस न."

मी म्हटलं, "आजी, पण बाळाला पहिलं दुपटं आजीच्या लुगड्याचं असावं म्हणतात ना."

"हाव, बरोबर हाये," त्या म्हणाल्या, "पन आता आजी कोन हाये? तूच न?"

भाचीची आई, माझी थोरली बहीण, पाच वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर आई. घरात आजी म्हणायला आता मीच आहे. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही, पण ती कुणी अशी माझ्या ओटीत टाकली नव्हती. आजींनी वातींच्या सुपातला थोडा कापूस, सरकीसकट, एका रुमालात बांधून दिला आणि झोपायला गेल्या.

परत आल्यावर

घरी आल्या आल्या काही झालं नाही. आठवडाभर मी सुया काढल्याच नाहीत. जांभळी साडी धुवून, इस्त्री करून मंडळाच्या तुळशीच्या लग्नाच्या फराळाला नेसणार होते, तो मुहूर्त आदिलाबादमध्येच निघून गेला होता, म्हणून मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी नेसले. त्याच आठवड्यात माझी पोपटी सुती साडी काढली. दहा-बारा वर्षं वापरून मऊ झालेली, काठ अजून धड. दुपट्याची पहिली घडी घातली तेव्हा हात अडला नाही. मधे आईच्या साडीचं ठिगळ नाही. कडेने धावदोरा तोच, आईने शिकवलेला, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांचा. काम सावकाश चाललंय. माघाला अजून वेळ आहे.

मैत्रिणींनो, दोन कामांच्या मधे अडकला असाल तर माझं एवढंच सुचवणं आहे : नवा नमुना शोधण्याआधी तुमचा दोरा जिथून येतो तिथे जाऊन या. लोकरीचं काम करणारीने धनगरवाड्यावर जावं, रेशमाचं करणारीने कोषांच्या बाजारात. आणि जाताना पिशवीत काम नेऊ नका.

जायचं असेल तर

हैदराबादहून आर.टी.सी.च्या बस दिवसभर असतात. रेल्वेने मुंबई-नांदेडकडून येणाऱ्यांना नांदेड-किनवटमार्गे आदिलाबाद गाठता येतं. निघण्याआधी वेळापत्रक पाहून घ्या. नागपूरहून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. कापूस बघायचा तर दिवाळी ते संक्रांत. धबधब्यांना भरपूर पाणी हवं असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर, पण कुंतालाच्या डोहात उतरू नका, तिथे जीव गेलेले आहेत. नागोबाची जत्रा पौष अमावस्येला. तेव्हा गर्दी प्रचंड असते आणि तो उत्सव त्या कुळाचा असतो, याचं भान ठेवून जावं, विधींच्या वेळी कॅमेरा आत ठेवावा. उषेगावला गेलात तर घासाघीस न करता एखादी वस्तू घ्या. उन्हाळ्यात मात्र आदिलाबाद भाजून काढतं. तेव्हा वावरांना त्यांचं काम करू द्यावं.

आजींनी दिलेला कापूस अजून रुमालातच आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला आणते. प्रत्येकीने बोटांनी एक तरी सरकी काढून बघा.